ओढून बसवलेला नकाशा

मंडळी, आज साहेबांना सरळ "नाही" सांगून आलोय.

आम्ही नाशिकचा नकाशा वेबसाइटवर चढवतोय. सॅटेलाइट फोटोवर रस्त्यांचा लेयर टाकला, तर रस्ते गोदावरीतून जायला लागले. गोल पृथ्वी कागदावर सपाट करायची फोटोची आणि लेयरची पद्धतच वेगळी, मग जुळणार कसं?

साहेब म्हणाले, "अरे, माउसने जरा ओढ ना. उद्या क्लायंट येतोय."

ओढलं. रामकुंड जुळलं, पण नाशिक रोडचं स्टेशन शेतात गेलं.

"क्लायंट रामकुंडच बघणार."

बघू दे. याच नकाशावरून ॲम्ब्युलन्स पाठवायच्या आहेत, आणि माझी आई नाशिक रोडला एकटी राहते.

मी सगळा लेयर नव्याने बसवतोय. डेमो बुडाला तर बुडू दे.

ज्यांना ओढाओढी चालते, त्यांनी आधी सांगावं, ओढलेल्या नकाशात तुमचं घर कुठे जाऊन पडलंय?