आधी म, मग चहा

सकाळी पोळ्या लाटत होते. ताईच्या खोलीतून नेहमीची खाटेची कुरकुर आली नाही म्हणून डोकावले, तर ताई गेलेली होती. शांतपणे वगैरे नाही हं. भुवई वर चढलेली, समोरच्याचं काहीतरी चुकलंय अशी. डॉक्टरांना बोलावलं, मग गुरुग्रामला केतकीला, माझ्या मुलीला, फोन केला. तिने विचारलं, "काही बोलली का जाताना?" मी म्हटलं, "नाही गं." "अच्छा," म्हणाली आणि फोन ठेवला. सख्खी मावशी गेल्यावर भाची एवढंच विचारते, हे आमच्या नोएडाच्या शेजारणीला फार कोरडं वाटलं. तिला काय माहीत, त्या एका प्रश्नापायी माझ्या मुलीने किती रविवार घालवले होते...

पुढे इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात ताई वर्षानुवर्षं दुपारच्या वेळी मुलांना मराठी अक्षरं शिकवायची. ती पोरं आता टक्कल घेऊन, पोट घेऊन आली होती. एकेक जण उठून "मायेची सावली, मायेची सावली" करत होता. कपाळ माझं! कसली सावली? ताई म्हणजे दिल्लीतलं जूनचं ऊन होती, आणि हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलताना एकाचाही हात खिशाबाहेर नव्हता. मला चार शब्द बोलायला सांगितले, तर मी म्हटलं, घसा बसलाय. तिथे नाही बोलले ते इथे लिहिते आहे.

शिकवायची मात्र अव्वल, यात वाद नाही. शाळेत हिंदीचं क ख ग, ताईकडे ग म भ न. कोवळ्या हाताला सोपी वळणं आधी, असं तिचं म्हणणं. अक्षर पाटीवर काढायचं, काढता काढता मोठ्याने म्हणायचं, आणि पोराचं बोट ती स्वतःच्या मुठीत धरून गिरवून घ्यायची, इतकं घट्ट की नख पांढरं पडायचं. तिचा खरा जीव होता ळ मध्ये. दिल्लीत वाढलेल्या पोरांची जीभ ळ ला वळत नाही, फळ्याला फला म्हणतात, आणि आईबाप कौतुकाने हसतात. ताईला त्याचा संताप यायचा. "हसताय काय? पोर मुकं होतंय तुमचं," असं ती जॉइंट सेक्रेटरीच्या बायकोलाही तोंडावर सुनवायची.

केतकी तेव्हा पाच वर्षांची. मी ऑफिसात, म्हणून शाळा सुटली की ती मावशीकडे. तिला ळ काही केल्या येईना. एका दुपारी ताईने तिला वेताच्या मोढ्यावर, बिनपाठीच्या बुटक्या स्टुलावर, उभं केलं, गळ्यात पाटी अडकवली आणि बाकीच्यांना सांगितलं, "ही म्हणेपर्यंत तुम्ही म्हणत राहा." सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघत ळ, ळ करून ओरडत राहिली. केतकीची तिथेच चड्डी ओली झाली. पोरं खिदळली. ताईने त्यांना गप्प केलं नाही. केतकीच्या हातात फडकं दिलं, तिच्याकडूनच फरशी पुसून घेतली आणि परत मोढ्यावर चढवलं. संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा पोरगी ळ म्हणत होती. अगदी खणखणीत. "बघ, आला की नाही?" ताई म्हणाली, आणि तिला खरोखर आनंद झाला होता, हेच तर भयंकर! आज केतकीचा ळ ऐकून पुण्याची माणसं चाट पडतात. पण त्या दिवसापासून तिने मराठीत एक ओळ लिहिली नाही, आणि मावशीशी बोलायची वेळ आलीच तर हिंदीत बोलायची.

भाऊजी गेल्यावर ताई माझ्याकडे नोएडाला राहायला आली. मागच्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून मात्र नुसतं घुं घुं. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, गोड होती बिचारी. "आंटीजी, बोलिए, क से कबूतर," म्हणत चित्रं दाखवायची. ताईने डाव्या हाताने कबुतरासकट सगळी चित्रं जमिनीवर भिरकावली. मुलीने येणं सोडलं. मग केतकी म्हणाली, "रविवारी मी येईन. मी शिकवते तिला." मला बाई भरून आलं. शेवटी रक्ताचं नातं, असं काहीबाही वाटलं. स्वयंपाकघरात तिला जवळ घेऊन तसं म्हटलंसुद्धा, तर ती बाजूला सरकली. "आई, उगाच रडू नकोस यार. तिला बोलता यायला हवं. 'चुकलं माझं' एवढंच मला तिच्या तोंडून ऐकायचंय. ते म्हणू दे, मग खुशाल मरू दे."

आणि तिने शिकवलं, इतक्या वर्षांनी तिच्याशी मराठीत बोलत, अगदी मावशीच्या पद्धतीने. सुरुवात म पासून, कारण म ला नुसते ओठ मिटायचे. ताईच्या तोंडासमोर आरसा धरायचा, बोटांनी ओठ मिटवून द्यायचे, पाटीवर म काढायचा. मी चहा आणला की कप टेबलावर, ताईच्या हाताला लागणार नाही असा. "आधी म, मग चहा." चहावर साय धरायची. मी एकदा म्हटलं, "अगं, म्हातारी आहे ती." केतकीने वळूनही पाहिलं नाही. "मी पाच वर्षांची होते."

एका रविवारी भ निघेना. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिने डावा हात पुढे केला, तळवा वर. मला आधी कळलंच नाही. केतकीला कळलं. ताईकडे पट्टी खाल्ली की घरी जायची मुभा असायची, म्हणून पोरं कंटाळली की आपणहून हात पुढे करत. केतकीला तेवढी सवलत कधी मिळाली नव्हती. भाचीचे लाड करते असं लोकांनी म्हणू नये ना! केतकीने तो हात उचलला आणि हळूच ताईच्या मांडीवर परत ठेवला. "नाही मावशी. तुला मार नाही. पुन्हा म्हण, भ." अशी माझी मुलगी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि काय सांगू, ताई बोलायला लागली! थंडीपर्यंत भात आला, पाणी आलं, माझं नाव आलं. मग एकदा बाळ म्हणाली, ळ सकट. केतकी मोढा तिच्या अगदी जवळ ओढून बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून. "आता म्हण मावशी. चुकलं माझं." मी दारात, हातात कालथा तसाच. ताईने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, जीभ अडखळली, गळ्याची शीर फुगली. आणि ताई म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, स्वच्छ, "पाठ... सरळ... कर."

आणि माझी मुलगी, जिच्या हाताखाली ऑफिसच्या टॉवरचा अख्खा मजला काम करतो, ताठ बसली. खट्कन. ताईने समाधानाने मान हलवली आणि कपाकडे बोट दाखवलं. खरं सांगते, मला हसू फुटलं. मग केतकीचं तोंड पाहिलं आणि कालथा घेऊन आत गेले. त्यानंतरही ती दर रविवारी येत राहिली, दर रविवारी तेच वाक्य मागत राहिली. ताई मूग गिळून बसायची. जमत नव्हतं की म्हणायचं नव्हतं, देव जाणे. मला विचाराल तर म्हणायचं नव्हतं.

परवा केतकी ताईची औषधं, व्हीलचेअर कुणाला तरी देऊन टाकायला आली होती. काम झाल्यावर लॅपटॉप उघडून त्याच खोलीत बसली, रिकाम्या खाटेसमोर, मोढ्यावर. मागे भिंत आहे, उशी आहे, पण पाठ कशाला लागलेली नाही. मी चहा दिला, म्हटलं, "टेक गं जरा. गेली ती." "हो, टेकते," म्हणाली. चहाचं भांडं घासून, ओटा पुसून मी परत गेले, तर तशीच बसली होती.