मूल सांभाळणारं शहर

हैदराबाद का निवडलं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. घरं स्वस्त, पाणी गोड, माणसं सैल, लेकराबाळांना बरं. ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवलं की पुढंपुढं मलाही खरं वाटायला लागलं. त्यातली घरांची गोष्ट खरी होती. पाण्याची नव्हती. कुकटपल्लीत आमच्या इमारतीला टँकर यायचा.

खरं कारण एकच होतं. माझी मोठी बहीण हैदराबादला राहायची, तिला स्वतःचा संसार नव्हता, आणि आम्हाला दिवसभर पोर सांभाळायला भरवशाचं, फुकटचं माणूस हवं होतं. अक्का आता नाही. म्हणून हे लिहायला धीर आला. ती असती तर मी आजही पाण्याची तारीफच केली असती.

ते दिवस आमच्या धंद्याला सोन्याचे होते. देशाची दारं उघडली होती, परदेशातली कामं ढिगानं येत होती. मी आणि बायको दोघंही मुंबईत प्रोग्रामर. पगार वाढत होता, पण मुंबईत त्या पगारात घर म्हणजे डोंबिवलीच्याही पुढचं. कंपनीनं विचारलं, बंगळूर, चेन्नई, पुणे की हैदराबाद? आमच्या बॅचचे बहुतेक जण बंगळूरला निघाले होते.

"बंगळूरची हवा चांगली आहे म्हणतात," बायको म्हणाली. मुलगा तेव्हा वर्षाचा होता, तिच्या कडेवर.

"हवा काय त्याला भरवणार आहे?"

"पाळणाघरं असतील की तिकडे."

"आणि ताप आला म्हणजे रजा कोण घेणार? तू की मी?"

तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग मी म्हणालो, "हैदराबादला अक्का आहे."

"त्यांची नोकरी आहे ना पण?"

"कसली नोकरी! मराठी शाळा. वर्गात पोरं तरी उरलीत का?"

"तू विचारलंस त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? घरचीच आहे."

आणि खरंच, बदलीचा अर्ज आधी गेला. अक्काला मी नंतर सांगितलं.

आम्ही मूळचे शेतकरी, निजामाच्या मुलखातले. आजोबा शहरात आले, वडील कोर्टात कारकून झाले, आणि आम्ही भावंडं शिकलो. अक्का माझ्याहून चांगली चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यात माझा हात नाही. एवढं एक तरी. वडील गेल्यावर ती हैदराबादेत अफझलगंजला एका कागदवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायची आणि चालत शाळेत जायची. तिला बोलायला फार लागायचं. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर ती मराठीत निघायची, दखनीत वळायची आणि तेलुगूत पोचायची. भाजीवाला, रिक्षावाला, शाळेचा शिपाई, सगळ्यांशी तिचं काहीतरी अर्धवट राहिलेलं बोलणं असायचंच.

मी गेलो तेव्हा ती वह्या तपासत होती. मी समोर बसून म्हणालो, "अक्का, तू इथं एकटी पडलीस. मला मुंबईत झोप लागत नाही. आम्ही तुझ्यासाठी यायचं ठरवलंय."

वाक्य मी रेल्वेत जुळवून ठेवलं होतं.

तिनं लाल पेन बाजूला ठेवलं. "माझ्यासाठी? अरे, बंगळूर बंगळूर करायलेत की सगळे."

"करू देत. आपलं माणूस महत्त्वाचं."

ती रडली. डोळे पुसून खाली उतरली आणि कागदवाल्याला सांगून आली. संध्याकाळी मी तिच्याबरोबर बेगम बाजारात गेलो, तर तिथं सुकामेवावाला म्हणाला, "क्या आपा, भाई आ रहा बोले, आपके वास्ते?" "हौ," अक्का म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून असा हात फिरवला, जसं काही मी बक्षीसच आणलं होतं.

"शाळा सोडावी लागंल का रे?" परतताना तिनं विचारलं.

"आता किती मरमर करणार?"

"मरमर कुठं? गंमत असते ती."

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "खोल्या तेवढ्या राहू देते. कधी दोन दिवस येऊन पडायला."

"कशाला उगाच अडकून? तुझं घर तिकडं आहे की."

तिनं शाळा सोडली, खोल्या सोडल्या. परतायला जागा ठेवू नये, हे मी तेव्हाच मनात धरलं होतं का? बरीच वर्षं मी नाही म्हणत होतो. होतं. जागा असती तर कंटाळली की निघून गेली असती, आणि आमची नोकरी अडली असती.

पहिली दोन वर्षं आमच्या घरात सुख होतं. आम्ही सकाळी जायचो, रात्री आठला यायचो, पोर न्हाऊन, जेवून, हसत दारात. अक्का त्याला बसनं सगळीकडे न्यायची. बेगम बाजारातले निम्मे दुकानदार त्याला ओळखायचे. तो लवकर बोलायला लागला आणि थांबेचना. तिच्यासारखाच, तीन भाषा एका दमात.

मग शाळेत घालायची वेळ आली. आमच्या भागात एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती, सगळ्यांना तीच हवी होती. तिथं मुलाची मुलाखत असे. मी टाय बांधून गेलो होतो.

मुख्याध्यापिकेनं टोपलीतून प्लास्टिकचं वांगं काढलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय?

"वांगं," मुलगा म्हणाला.

ती हसली. "इन इंग्लिश?"

त्याला वाटलं, बाईंना दुसरा शब्द हवाय. "बैंगन!" तिनं मान हलवली. त्यानं आणखी जोरात सांगितलं, "वंकाया!" आणि बाजारातल्या बाईसारखा तोंडाशी हात धरून ओरडला, "ताजा वंकाया अम्मा!"

बाजूच्या टेबलावरची कारकून मुलगी फिस्सकन हसली. मुख्याध्यापिका हसली नाही. मुलाबरोबर दिवसभर कोण असतं, तिनं विचारलं. मुलाचा गोंधळ उडालाय, घरात एकच भाषा ठेवा, पुढच्या खेपेला आणा.

रिक्षात मुलगा माझ्या मांडीवर होता. "बाबा, मी सगळी नावं सांगितली ना?"

"गप्प बस," मी म्हणालो.

घरी अक्कानं शिरा केला होता. "काय म्हणाली मास्तरीण? हुशार आहे म्हणाली असंल."

"घेतलं नाही त्याला," मी म्हणालो. "तुझ्यामुळं."

बायको मध्ये पडली. "अक्का, तसं नाही. तुम्ही थोडे दिवस त्याच्याशी इंग्रजीतच..."

"मला कुठं येतं गं. गुड मॉर्निंगच्या पुढं आमची गाडी जात नाही." ती हसली. आम्ही हसावं म्हणून हसली होती.

"मग बोलूच नकोस," मी म्हणालो. "जेवू घाल, झोपव, फिरव. पण बोलू नको त्याच्याशी."

शिऱ्याचा वास घरभर होता. ती हातातल्या चमच्याकडे बघत राहिली.

"हाक तरी मारू का?"

"हाक मार."

"हौ. नाही बोलत मग. त्याच्या भल्याचंच आहे ना."

मला वाटलं होतं, ती आमच्यामागं बोलेलच. पण ती आयुष्यभर शाळेत होती, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं. खूण करून जेवायला बोलवायची, खूण करून चप्पल घालायला सांगायची. बाजारात न्यायचं बंद केलं. तिथं दुकानदार त्याच्याशी बोलायचे, आणि ते नियमात बसतं की नाही हे तिला कळेना. मुलाला आधी खेळच वाटला. तोही खुणा करायचा, खिदळायचा. मग खेळ संपेना, तेव्हा रडायला लागला.

एका रविवारी मी पेपर वाचत होतो. मुलगा तिच्या मांडीवर चढला, तिची हनुवटी धरली. "आत्या, बोल ना." ती हसून मान हलवायला लागली. त्यानं दोन्ही हातांच्या बोटांनी तिचे ओठ उघडायला घेतले, अगदी नखं लागेपर्यंत. तिनं माझ्याकडे बघितलं. एवढ्यापुरतं बोलू का, असं विचारत होती. मी पान उलटलं.

आम्ही संध्याकाळी येऊन त्याच्याशी अर्धा तास इंग्रजी बोलायचो. दमलेली दोन माणसं, हे काय नि ते काय विचारणारी. तो बोट दाखवायचा. काही महिन्यांत तो फक्त बोटच दाखवायला लागला. पाणी हवं तर माठ, झोप आली तर गादी. आपल्याच घरात एवढं बोलकं पोर मुकं होत गेलं आणि आमच्या ते उशिरा लक्षात आलं, कारण त्या काळात आमच्या दोघांच्या प्रोजेक्टच्या तारखा जवळ आल्या होत्या.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं मुलाला घेऊन गेलो. मुलगा अक्काच्या मांडीवर बसला होता, तिच्या बांगड्या मागंपुढं करत. डॉक्टर वयस्कर, भले गृहस्थ. कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक.

"दिवसभर कुणाजवळ असतो?"

"माझ्या बहिणीजवळ."

"त्या बोलतात त्याच्याशी?"

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. आम्हीच मनाई केली, एवढंच. बायकोनं पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली.

"नाही," मी म्हणालो. "तिचा स्वभावच अबोल आहे."

डॉक्टर अक्काकडे वळले. "क्या अम्मा, बच्चे से बातां नहीं करते?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आदत नहीं साब."

अफझलगंज ते बेगम बाजार जिला चार पावलं गप्प चालता आलं नाही, ती बाई.

डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलत्या माणसांत ठेवा. स्वभावच तसा, त्यांचा दोष नाही, पण मूल त्यांच्यावर टाकू नका. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोष कुणाचा ते ठरलं होतं, आणि ठरवणारा मी नव्हतो.

खालच्या मजल्यावर एका बाईंनी घरातच पाळणाघर काढलं होतं, तिथं इंग्रजी बोलत. मुलाला तिथं घातलं. त्याचं बोलणं परत आलं, इंग्रजीत, आणि आम्हीही त्याच्याशी तेवढंच बोलायला लागलो. अक्का दिवसभर वर बसून असायची. आता ती आम्हाला नुसती दिसायची. जेवताना दिसायची, बाथरूमच्या रांगेत दिसायची.

"बिदरची ताई बोलावतेय ना तुला?" मी एक दिवस म्हणालो. ताई म्हणजे आमची चुलतबहीण. "जाऊन ये की."

"किती दिवस?"

"तुला वाटतील तितके."

तिला कळलं. ती म्हणाली, "अफझलगंजच्या खोल्यांत आता बुटांची खोकी ठेवतात." मी गेलो नव्हतो तिकडं. म्हणजे ती आम्हाला न सांगता जाऊन बघून आली होती.

निघताना तिनं मुलाला हाक मारली, नुसतं नाव. तेवढी परवानगी होती. तो टीव्ही बघत होता. त्यानं न वळता हात वर केला.

नातेवाइकांत आम्ही सांगितलं, गुडघे दुखायचे, आमची लिफ्ट सारखी बंद पडायची, तिनंच हट्ट धरला. लोकांनी मानलं. अक्कानंही कधी खोडलं नाही. हे सगळं मी मराठीत लिहितोय, पण भाषेच्या प्रेमापोटी नाही. माझ्या मुलाला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत लिहायचा धीर मला अजून नाही.

चार-पाच वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही बिदरला गेलो. ताईच्या घराशी वळलो तर आतून अक्काचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. ओसरीवर शेजारची सात-आठ पोरं पाटी घेऊन बसली होती, कुणी कानडी, कुणी मुसलमान, आणि ती कुणाला तरी दखनीत झापत होती, आणि पोरं हसत होती. मला बघून ती उठली. माझ्यामागं मुलगा दिसला, तशी तिनं तोंड मिटलं.

तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. हातानं बस म्हणाली. लाडूची ताटली पुढं सरकवली. तो उंच झाला होता, बुटांची लेस बघत अवघडून बसला.

"अक्का," मी हळूच म्हणालो, "बोल ना त्याच्याशी. आता काही नाही तसं."

"बोलू?"

"बोल की."

ती त्याच्यासमोर खाली बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पोरं पाट्या खाली ठेवून बघत होती. ती म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं नाही असं सांगितलं होतं रे मला, राजा. म्हणून नव्हते बोलत. तू आवडत नव्हतास म्हणून नाही."

मुलानं माझ्याकडे बघितलं. "व्हॉट डिड शी से?"

मी इंग्रजीत सांगितलं, आत्या विचारतेय की वर्गात तुझी रँक कितवी येते.

"थर्ड," तो म्हणाला, आणि तिला कळावं म्हणून तीन बोटं तिच्यासमोर धरली.

इंग्रजी तिला येत नव्हतं. पण रँक हा शब्द कुठल्या मास्तरणीला कळत नाही? तिनं त्या तीन बोटांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"शाबास," ती त्याला म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून चहा ठेवायला आत गेली.