अंगावरच्या कपड्यांनिशी

चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. तापीकाठचं गाव सोडून सोलापुरात आलो तेव्हा मला बाविसावं लागलं होतं आणि इथं माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, माझा जोडीदार. तो जवळच्याच कुंभारी गावचा; मी परगावचा म्हणून सगळ्यांसारखा तोही मला 'पावणं' म्हणायचा. त्यानंच मला मागांच्या कारखान्यात चिकटवलं, आपल्या खोलीत जागा दिली. ते उपकार विसरलेलो नाही. पण उपकार या शब्दात ते सगळं मावतं का, हाच माझा घोळ आहे.

आमचं काम जोडीचं. नवा ताणा मागावर चढवण्याआधी त्याचा एकेक धागा फणीतून ओवावा लागतो. मागं बसणारा धागा निवडून पुढं करतो, पुढचा आकड्यानं ओढून घेतो. मी मागं, तो पुढं, मध्ये धाग्यांचा पडदा. दिवसभर मला त्याची फक्त बोटं दिसायची. एक धागा चुकला तर त्या ताण्यावरच्या सगळ्या लुगड्यांत उभी रेघ येते.

नवी पेठेजवळच्या वाचनालयात एक म्हातारे मास्तर रविवारी आम्हा अर्धवट शिकलेल्यांना इतिहास वाचून दाखवत. एकदा ग्रीकांचं चाललं होतं. एका नगराची निवडक पलटण जोड्याजोड्यांनी लढायची. जोडीतले दोघंही पुरुष, एकमेकांवर प्रेम करणारे. सोबत्यादेखत कोणी पाठ दाखवणार नाही, म्हणून मुद्दाम तसे घेतलेले.

"प्रेम म्हणजे दोस्तीच ना, मास्तर?" मी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दोस्ती असेल. नवराबायकोत असतं तसंही असेल. काही नगरांत त्याला मान होता, काही ठिकाणी टवाळी."

"आणि आपल्याकडं?"

"जुन्या शास्त्रात एके ठिकाणी प्रायश्चित्त सांगितलंय. अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान."

"एवढंच?"

"तिथं एवढंच. दुसरीकडं जास्त असेल. तुला रे कशाला हवं?"

सोमवारी पडद्यापलीकडं ती बोटं दिसली आणि मला पलटण आठवत राहिली. त्याच गोंधळात लुगड्याच्या काठाच्या हिरव्या जागी मी लाल धागा दिला. ताणा मागावर चढला, रेघ दिसली. मुकादम म्हणाला, "जोडी मोडा ही. उद्यापास्नं पावण्याला पोरासोरांत कांड्यांवर सूत भरायला बसवा."

"कशी मोडता? एका ताटात जेवत्यात की ती," मागावरचा एक जण म्हणाला. सगळे हसले. त्या रविवारच्या आधी मीही हसलो असतो.

संध्याकाळी विहिरीवर गेलो आणि सदऱ्या-धोतरासकट डोक्यावर बादल्या ओतून घेतल्या. मी काही केलं नव्हतं. मनात आलेलं धरतात की नाही, ते मास्तरांना विचारायचं राहिलं होतं.

जोडीदार शोधत आला. "कापडासकट? खुळं हाय का काय तुमी, पावणं?"

थंडीनं दात वाजत होते. मी पलटणीचं सगळं सांगून टाकलं, जोड्यांचंही. स्नानाचं मात्र सांगितलं नाही. तो विहिरीच्या काठावर बसून ऐकत होता.

"मग जिंकलं का त्ये?"

"बरीच वर्षं. शेवटी एका लढाईत जागेवरच पडले. पळाले नाहीत."

त्यानं रिकामी बादली बाजूला सारली आणि म्हणाला, "लाल धागा हाय ह्ये मला दिसलं हुतं."

"मग ओढलास का?"

"तुमी दिला म्हणून." आणि डोक्यावरचा पटका सोडून माझ्या अंगावर टाकला. "पुसा आता."

सकाळी तो मुकादमासमोर उभा राहिला. "पावण्यानं दिला, मी बघून ओढला. बशिवता तर दोघांस्नी कांड्यावर बशिवा." ओवणीला दुसरी जोडी नव्हती. मुकादमानं शिवी दिली आणि नवा ताणा आमच्यापुढं टाकला.

मी मागं बसलो. हिरवा धागा दोनदा पाहून पुढं केला. पलीकडची बोटं आली, पण लगेच ओढेनात.

"ह्यो बराबर हाय?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्यानं ओढून घेतला.