माहेरच्या नावानं शोधताना

मंचरच्या एका खासगी कॉलेजात मी ऑफिसात कामाला होते. दोन हजार सहा-सात साल असेल. मुलं प्रॅक्टिकल सोडून लॅबमध्ये जुन्या-नव्या मित्रांना शोधून एकमेकांच्या पानावर लिहायच्या त्या एका साइटवर बसायची आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. मग हळूहळू आमचा सगळा स्टाफच तिथे गेला. शेजारच्या टेबलावरचे सर तोंडानं दोन शब्द बोलायचे नाहीत, पण साइटवर रोज 'शुभ सकाळ' टाकायचे. शेवटी एका विद्यार्थ्यानं माझंही खातं उघडून दिलं. "मॅडम, आता तुमची जुनी गँग शोधा," म्हणाला.

माझी गँग म्हणजे एकच मैत्रीण. ती पिंपरी पेंढारची, मी निरगुडसरची. नव्वदनंतर जुन्नरला कॉलेजात असताना होस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही राहायचो. एकीला ताप आला की दुसरीच्या तोंडची चव जायची. मग लग्नं झाली, पत्ते बदलले, पत्रं थांबली. खरं सांगते, त्या साइटवर मी गेले ती फक्त तिच्यासाठी.

वर्गातली मुलं भराभर सापडली. पोटं सुटलेली, मोटरसायकलला टेकून फोटो काढलेली. परीक्षेत माझ्या मागे बसून बघून लिहिणारेही साहेब झाले होते. मुलगी मात्र एकही सापडेना. कशी सापडणार? आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. आडनाव तर जातंच, हाकेचं नावही जातं. मी स्वतः सासरच्या नावानं त्या साइटवर बसले होते आणि तिला मात्र माहेरच्या नावानं हुडकत होते. शिकल्या-सवरल्या बाईची ही अक्कल!

एकदा नारायणगावच्या एसटी स्टँडवर तिचा भाऊ भेटला. मी तिचं नाव घेऊन चौकशी केली, तर तो क्षणभर गोंधळला.

"ताई, तिचं नाव आता येगळं हाय," म्हणाला आणि त्यानं नवं नाव सांगितलं. "त्या नावानं बघा, लगेच घावंल. आमीपन आता तेच म्हनतो. दाजींना जुनं आवडत न्हाई."

सापडली. नाशिकला होती. फोटो तिचा नव्हता, मुलाचा होता. मी तिच्या पानावर तिचं माहेरचं नाव लिहिलं आणि पुढे, 'ओळख बघू कोण?' दुसऱ्या दिवशी ऑफिसात साइट उघडली तर माझ्या पानावर माझं माहेरचं नाव. पुढे तिनं बरंच लिहिलं होतं, पण मला आधी तेवढंच दिसलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. भाऊ 'ताई' म्हणतो, सासरी नवं नाव, कॉलेजात मॅडम. मी टेबलावरच रडले. शेजारच्या सरांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून तुमच्याकडे आलंय."

माझंच आहे म्हटलं, तरी त्यांना खरं वाटेना.

पुढचे काही दिवस आम्ही दोघींनी नुसता धुमाकूळ घातला. होस्टेलची पाणचट आमटी, रेक्टरबाईंच्या शिट्या, सगळं निघालं. आणि एका सकाळी पाहते तर तिच्या पानावरचं माझं लिहिणं गेलेलं, माझ्या पानावरचं तिचंही पुसलेलं. खाली तिचा नवा मजकूर होता.

'रागावू नकोस. माझ्या पानावर यांच्या ऑफिसातले सगळे आहेत. ते यांना विचारतात, या जुन्या नावाची ही कोण? घरात त्यावरून बोलणी झाली. मला आताच्या नावानंच हाक मार. तुला काय म्हणू, तेही कळव.'

मला तिचा राग आला नाही. ते शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. मग तिच्या नव्या नावानं सुरुवात केली आणि खाली माझं सासरचं नाव लिहून पाठवलं. माझ्या खऱ्या नावानं मला हाक मारणारं त्यानंतर कुणी उरलं नाही.