गोळ्यांचे वाटे

थूराबाईंइतकी न्यायी बाई आमच्या बेटावर दुसरी नाही, आणि त्या न्यायापायी माझं डोकं फिरायची वेळ आली. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि धाकट्या बहिणीबरोबर, एल्नाबाईंबरोबर, राहायच्या. घरात केकसुद्धा रीतीनं खायचा: एकीनं कापायचा, दुसरीनं आधी उचलायचा.

दोघींची बोटं संधिवातानं आखडली. ऑर्गन सुटणार म्हणून थूराबाईंचा जीव कासावीस झाला. शेवटी दोघींनी आमच्या इस्पितळात नव्या औषधाच्या चाचणीत नावं घातली. मी तिथली नर्स. एकीला खरी गोळी, दुसरीला नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नव्हतं. वसंतात दोघींची बोटं मोकळी झाली. मग गुपित उघडलं, तर पिठाची बाटली थूराबाईंची!

"पण मी दोन्ही खाल्ल्या," थूराबाई म्हणाल्या. "बाटल्या एकत्र ओतल्या, एल्नानं वाटे केले, मी उचलला. कुणावर अन्याय नको."

चाचणी घेणारे डॉक्टर बेंट यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग हा गुण कशाचा? औषधाचा, उन्हाचा, की तुमच्या मनाचा? चाचणीतून तुम्ही बाद. पण औषध पुढं द्यायचं की नाही, हे मला कळायला हवं. आता एकीनं खरी गोळी घ्यायची, दुसरीनं काहीच नाही."

"मी सोडते," एल्नाबाई लगेच म्हणाल्या. "तिला ऑर्गन आहे. मला काय, बटाटेच तर सोलायचेत."

उन्हाळा सरला तशी एल्नाबाईंची बोटं पुन्हा वाकडी झाली. थूराबाई मात्र झकास वाजवत होत्या. औषध लागू पडलं, म्हणून मी खुशीत रविवारी त्यांच्याकडे कॉफीला गेले. साखर काढायला कपाट उघडलं, तर आत थूराबाईंची बाटली. सीलसुद्धा फोडलेलं नाही.

"हिला नाही तर मला कशी गिळवेल?" थूराबाई म्हणाल्या.

"मग तुमची बोटं चालतात कशावर?" मी ओरडलेच.

थूराबाईंनी एल्नाबाईंच्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे हिनं उगाचच सोसलं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही रडू आलं, आणि राग तर विचारूच नका. थूराबाईंनी बाटली बहिणीपुढं सरकवली.

"आज वाटे नाहीत, एल्ना. सगळ्या तुझ्या."

एल्नाबाईंना झाकण उघडेना, मी उघडून दिलं. त्यांनी गोळ्या टेबलावर ओतल्या आणि वाकड्या बोटांनी दोन सारखे ढीग केले.

"उचल गं," त्या म्हणाल्या, "तू आधी."