भुजली म्हण ना वं!

नाकाडोंगरीच्या फाट्यावर यष्टी आली तवा पोरगी माह्या कडेवर, एका हातात बॅग. आन् माह्या मायनं, मी तिले बाईच म्हणतो, भुजली पेराले गव्हाची पुडी धावता धावता बॅगीत कोंबली. म्हणे, "करमलं नाई तं राखीवर वापस ये, भुजली इथंच बुडवू. लोकं काई म्हणो." नवऱ्यानं दुसरी केली तवा नाई भेली एवढी त्या यष्टीत भेली.

तुमाले सांगतो पोरीहो, गावात राहिल्या त्यायले आन् माह्यासारख्या निंगाल्या त्यायले बी, जवाहरनगरात पयले दिवस लय बेकार गेले. फॅक्टरीच्या गेटाबाहेर खोली, क्वार्टरायमंदी सैपाकाचं काम. फॅक्टरीचा भोंगा वाजला का मी पोरीले पोटाशी धरो. आठवी शिकलेली मी, मॅडम लोकायसंग काय बोलू? गावात मैतरीण करा लागत नाई, तलावावर कपडे धुता धुताच होऊन जाते. इथं नळ घरात आन् बाया दाराच्या मांगं. मनात ठरवूनच टाकलं, राखी आली का बॅग उचलाची.

पण नागपंचमी आली तं हात राहीनात. बाईचा गहू रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरला, खाटेखाली अंधारात ठेवला. उगवला ना! पिवळा पिवळा, लुसलुशीत.

राखीले कामाची सुट्टी भेटली नाई, बॅग तशीच राहिली; दुसऱ्या दिवशी डबा बाहेर काढला. बाजूच्या खोलीत वैशाली मॅडम, अंबरनाथवरून फॅक्टरीत बदली होऊन आलेली, लग्न नाई, एकटीच. तोवर आमचं नुसतं मान हलवणं. मॅडमनं वाकून पायलं, म्हणते, "अगं, गव्हांकुर! मला थोडे देशील? शुगर आहे मला, ज्यूस करते."

भुजलीचा ज्यूस! मी भेव-बिव विसरली. "मॅडम, देवाचं हाये ते! मिक्सरमंदी काय घालता!" मंग मलेच हासू आलं, आन् दम न घेता सारं सांगून टाकलं, का आमच्याकडं भुजली पाण्यात बुडवते, मंग उरलेली एकमेकीच्या कानावर खोसते, आन् ज्या दोघी खोसतील त्या जनमभराच्या मैतरणी, मंग नाव घ्याचं नाई, एकमेकीले 'भुजली'च म्हणाचं.

मॅडम सरळ उभी झाली. मले वाटलं, गेलं, रागावली. तं म्हणते, "इतकं सोपं असतं? इथं आल्यापासून मी फक्त दूधवाल्याशी बोलते गं. चल, मला खोस."

तिच्या स्कुटीवर तिघी तलावावर गेलो. तिनं माह्या कानावर खोसली ते मुळासकट, चिखल गालावरून गळ्यात! पोरगी टाळ्या वाजवून राहिली होती.

आता माही भुजली फॅक्टरीच्या बसमधून उतरली का भर रस्त्यात वरडते, "ए भुजली, चहा टाक!" एकदा चुकून मी 'मॅडम' म्हटलं तं कंबरेवर हात ठेवून म्हणे, "दंड! भुजली म्हण ना वं!" 'वं' बी शिकली पाहा. मी 'अगं' शिकून राहिली.

परवा बाईचा फोन आला. "राखी तं होऊन गेली. कवा येतं वापस?"

म्हटलं, "येतो ना बाई, दोन दिवस राहतो, मंग घरी जा लागते."

तं बाई हळूच म्हणे, "कोणाच्या घरी वं?"

"माह्या," म्हटलं. तेवढ्यात फॅक्टरी सुटल्याचा भोंगा वाजला, आन् मी फोन तसाच कानाशी धरून चहाचं आधण ठेवाले धावली.