बुन्मीची बास गिटार आणि बाबांचा तळहात

आवाजाची वस्तू विकत घ्यायला दुकानात यायचं आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून उभं राहायचं, असं गिऱ्हाईक मी जन्मात एकदाच पाहिलं. ते गिऱ्हाईक माझ्याच बँडमधलं होतं, म्हणून मला पळून जावंसं वाटत होतं.

लागोसमधलं वाद्यांचं दुकान होतं. बुन्मीला तिच्या बास गिटारसाठी वाह पेडल घ्यायचं होतं. पायाखाली ठेवायची पाटी असते ती. टाच दाबली की आवाज तोंड मिटल्यासारखा घुमा होतो, चवडा दाबला की तोंड उघडल्यासारखा मोकळा होतो. दुकानदारानं पेडलं मांडली. बाईसाहेबांनी कापूस काढला, कानात घातला, एक तळहात स्पीकरच्या जाळीवर टेकवला आणि माझ्याकडे गिटार देऊन म्हणाल्या, "दादा, तू तार छेड, मी फक्त पाय चालवते."

दुकानदार माझ्या कानाशी येऊन विचारायला लागला, की बाईंना ऐकू येतं ना? मी म्हटलं, येतं. मग अक्कल? मी म्हटलं, तीही इबादानहून निघताना तरी होती.

पहिलं पेडल तिनं दोन झटक्यांत नापास केलं. ते गिटारवाल्यांचं होतं. आमच्या गिटारवाल्याकडेही तसलंच होतं आणि तो ते शिलाई मशीन चालवल्यासारखं प्रत्येक ठोक्याला हलवायचा. त्या पेडलमध्ये तोंड छान उघडायचं, पण खालचा घुमारा पार गायब व्हायचा. बुन्मी म्हणाली, "याला तोंड आहे, पोट नाही." दुसरं खोकल्यासारखं वाजलं. तिसरं खास बास गिटारसाठी बनवलेलं, जड, रबर झिजलेलं. त्यात पोट शाबूत राहत होतं, पण तोंड जेमतेम उघडत होतं. तेच तिनं उचललं. पहिल्याचं तोंड इतकं छान उघडत असताना हिनं तिसरं घेतलं, आणि तेही न ऐकता. माझं डोकं चालेना.

परतीच्या बसमध्ये तिनं कारण सांगितलं.

बुन्मीचं पूर्ण नाव आयानबुन्मी. आमच्याकडे आयान म्हणजे ढोलाच्या लाकडातला देव, आणि ढोल वाजवणाऱ्या घराण्यातल्या प्रत्येक लेकराच्या नावात तो असतो. तिचे वडील बाबा आयानरिंदे म्हणजे इबादानमधल्या त्या घराण्याचे प्रमुख. काखेत ढोल धरायचा, दोऱ्या दाबायच्या, वाकड्या काठीनं कातडं वाजवायचं, की ढोल आमची भाषा बोलतो, कारण आमची भाषाच मुळी चढउताराची, सूर बदलला की शब्द बदलतो. बाबांच्या ढोलानं राजाला झोपेतून उठवलं होतं, लग्नातल्या व्याह्यांची खिल्ली उडवली होती. एकदा एका मंत्र्याला त्याच्याच पंगतीत 'चोर' म्हटलं होतं, आणि मंत्री टाळ्या वाजवत बसला होता, कारण तो परप्रांतातला.

पोरींना मात्र त्या कातड्याला हात लावायची बंदी. मागच्या खोलीत मुलगे बिरुदावळी शिकायचे आणि बुन्मी भिंतीपलीकडे रताळी सोलत ऐकायची. आणखी एक रीत होती त्या घरात. बाबा फक्त वारसांच्या चुका काढायचे. ज्याची चूक काढली तो आपला, ज्याचं नुसतं कौतुक केलं तो पाहुणा. बुन्मी लहानपणी डब्यांवर काठी आपटून बिरुदं वाजवायची तेव्हा बाबा हसायचे, गाल ओढायचे. चूक कधी काढली नाही.

"इतकं चुकीचं वाजवायचे मी," ती बसमध्ये म्हणाली, "आणि हे आपले हसतायत."

मोठी झाल्यावर ती माझ्या बँडमध्ये बास गिटार वाजवायला लागली. बाबांनी भर अंगणात सुनावलं, "ढोलाला जीभ असते. त्या लाकडाला नाही. मुक्याच्या घरी चाललीस, आता मुकीच राहा." आणि पुढच्याच काही वर्षांत त्यांचे कान गेले. जन्मभर डाव्या कानाशी ढोल, दुसरं काय होणार? घरचे ओरडून बोलायचे तर बाबा म्हणायचे, चिडलायत एवढं दिसतंय, कशावर ते कळत नाही. बुन्मी जायची, पाया पडायची, बोलायची. ते तिच्या ओठांकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

पण एकदा घरात बायका उखळात रताळी कुटत होत्या. बाबा बाकावर डोळे मिटून बसले होते. एकदम म्हणाले, "आज तिघीच कुटतायत. चौथी कुठे उलथली?"

सगळे हसले. बुन्मी नाही हसली. तिच्या लक्षात आलं की बाबांचे वरचे आवाज गेले, पण खालच्या आवाजाचा हादरा अजून अंगात पोचतो. बाकातून, जमिनीतून, हाडांतून. त्या हादऱ्याला तोंड फुटलं, तर बाबांना बोलणं पोचेल. म्हणून कापूस. म्हणून तळहात. जे तिच्या हाताला कळेल तेच बाबांना कळणार होतं.

बस इबादानला पोचेपर्यंत ते जड पेडल मी माझ्या मांडीवर घेऊन बसलो.

मोकोला पेठेतल्या सिकिरूनं, जो आमचे स्पीकर दुरुस्त करतो, ते पेडल उघडलं. आवाजाला त्यानं दोन वाटा करून दिल्या. एका वाटेनं बास गिटारचा मूळ घुमारा जसाच्या तसा जाईल, दुसरीनं पेडलमधून तोंड उघडेल, आणि शेवटी दोन्ही एकत्र येतील. तोंडाची उघडझापही त्यानं वाढवून दिली. पोटही राहिलं, तोंडही आलं.

मग तिचा सराव सुरू झाला. ठोक्याबरोबर पाय हलवायचा नाही, शब्दाबरोबर हलवायचा. 'ओ', 'ऊ' असेल तर टाच खाली. 'आ', 'ए' असेल तर चवडा खाली. बोट तारेवरून घसरवत चढउतार आणायचा. पहिले कित्येक दिवस ती गिटार झोपेत बरळणाऱ्या म्हाताऱ्यासारखी वाटायची. मी कंटाळून ओरडायचो, की बाई, नाचायला लोक येतात आपल्याकडे, प्रवचनाला नाही.

आणि एका दुपारी मी भातावर ताव मारत असताना मागून गिटार बोलली: "कोलाडे, मासा मोठा घेतलास."

माझ्या हातातला मासा खाली पडला. आजूबाजूला कोणी हसलंही नाही. आमच्या ढोलवाल्यानं काठी खाली ठेवली आणि तो दारात जाऊन उभा राहिला. ढोल बोलतो हे आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो, पण ढोलाचं बोलणं ओळखीच्या वाक्यांचं असतं. या लाकडानं माझं नाव घेतलं होतं, चक्क ओठ असल्यासारखं.

त्यानंतर बाबांची बहीण आयानके आत्या वारल्या. पिकलं पान गळालं, म्हणून रीतीप्रमाणे मोठा सोहळा ठरला. आत्यांच्या मुलींनी आमचा बँड बोलावला. रस्त्यावर मांडव, सगळ्यांच्या अंगावर एकाच कापडाचे कपडे, आमाला म्हणजे आमच्याकडचे पिठाचे शिजवलेले गोळे, आणि बकऱ्याच्या मटणाची पातेली. एकदा घरचे ढोलवाले वाजवणार, एकदा आम्ही, असं ठरलेलं. बाबा पुढच्या खुर्चीत. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा पुतण्या आयानलेके, घराण्याचा मोठा ढोल आता त्याच्या खांद्याला. लेके बरा वाजवतो. फार बरा नाही, पण त्याचा रुबाब बघावा.

दुपार कलताना आमची पाळी आली. दोन गाणी झाली आणि बुन्मी म्हणाली, "दादा, सगळ्यांना थांबव."

तिचा बेत मला ठाऊक होता. घराण्याच्या प्रमुखाची बिरुदं बाईनं वाजवायची, तीही भर सोहळ्यात, तीही विजेच्या वाद्यावर! लोकांनी मांडव आमच्या डोक्यावर पाडला असता. मी हात वर केला. बँड थांबला.

तिनं पाय पेडलवर ठेवला आणि वाजवलं:

"आयानरिंदे, लाकडाला जीभ देणाऱ्याचा लेक."

मांडवात घास तोंडापर्यंत गेलेले तिथेच राहिले. दोन म्हाताऱ्या उठल्या आणि चपला न घालता घराकडे पळाल्या. कोणीतरी आत्यांचं नाव घेऊन देवाचा धावा करायला लागलं.

"राजाला जागवणारा, राजाला न भिणारा."

बाबांची मान वर झाली. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाचा चेहरा आतून कोणी दिवा लावावा तसा बदलला.

मग तिसरी ओळ. ही बाहेरच्या कोणी ऐकलेली नव्हती. मागच्या खोलीत फक्त मुलग्यांना देतात ती: "ज्याच्या दारात कातडं वाळायला पडलं की गावच्या बकऱ्या मुकाट घरी जातात."

बाबा ओरडले. बहिरा माणूस बोलतो तसं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

"लेके! शाब्बास रे! इतकी वर्षं तुझा ढोल तोतरा बोलत होता. आज त्याला तोंड फुटलं!"

आणि मायेनं त्यांनी उजवीकडे लेकेच्या पाठीवर हात ठेवला.

लेकेच्या एका हातात बिअरचा ग्लास होता. दुसऱ्या हातात मटणाचं हाड. ढोल खांद्याला नुसता लटकत होता आणि काठी कमरेला खोचलेली होती.

बाबांनी ग्लास पाहिला. हाड पाहिलं. खोचलेली काठी पाहिली. त्यांचा हात लेकेच्या पाठीवरून हळूहळू खाली आला. मी इतकी लग्नं, इतकी मयतं वाजवली, पण शेकडो इबादानकर एकाच वेळी गप्प बसलेले तोवर पाहिले नव्हते.

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. बुन्मीची बोटं तारांवर, पाय पाटीवर, गालावरून घाम की पाणी, कोण जाणे. तिनं चौथं वाक्य वाजवलं. ते बिरुदावळीतलं नव्हतं.

"बाबा, मी बुन्मी. मुकी नाही मी."

म्हातारा उठला. आधाराला आलेल्या पोरांना त्यानं हातानंच बाजूला केलं आणि सरळ आमच्या अंगावर चालत आला. मला वाटलं, आता काठी बसणार. मी पुढे झालो, तर मलाही ढकललं. बुन्मीच्या मागचा मोठा स्पीकर गाठला आणि त्याच्या जाळीवर तळहात टेकवला, लागोसच्या दुकानात तिनं टेकवला होता अगदी तसाच.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिनं पहिल्यापासून वाजवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बाबांचे डोळे तिच्या पायावर होते. पेडल म्हणजे काय हे त्या माणसाला कोणी सांगितलेलं नव्हतं. चेहरा कठोर होता. आत्यांच्या मुली एकमेकींना धरून उभ्या होत्या. लेकेनं हाड अजून खाली ठेवलं नव्हतं.

तिसरी ओळ संपली. आता शिव्या देतात, की कौतुक करतात? खरं सांगतो, मला कौतुकाचीच जास्त भीती वाटत होती.

बाबांनी जाळीवरचा हात न काढता कपाळाला आठ्या घातल्या.

"तिसऱ्या ओळीत चुकतेस," ते म्हणाले. "पाय मागाहून येतोय. टाच आधी टाक, मग तार सोड. चल, पुन्हा."